‘ला खिलाबा’ : फसवणुकीपासून संपत्तीच्या रक्षणाचा धडा

शरीयतचे उद्देश सांगताना इमाम गझाली (रह.) यांनी पाच गोष्टींच्या रक्षणाचा उल्लेख केला आहे : धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि संपत्ती. या यादीत संपत्तीचे नाव पाहून काही जणांना नवल वाटते. धर्माने पैशाची एवढी चिंता का करावी, असा त्यांचा प्रश्न असतो. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:५) याचे उत्तर आहे. तेथे संपत्तीला माणसाच्या जीवनाचा आधार म्हटले आहे, आणि ज्यांना ती सांभाळण्याची समज नाही त्यांच्या हवाली ती करू नये, असा आदेश दिला आहे. आपल्या संपत्तीचे रक्षण करताना जो मारला गेला तो शहीद होय, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारीत नोंदलेली आहे. तेव्हा हलाल कष्टाचा पैसा राखणे ही केवळ दुनियादारी नाही. अल्लाहने सोपविलेल्या अमानतीची ती राखण आहे.

पूर्वी चोर भिंत फोडून घरात शिरत असे. आजचा ठग फोनवरून येतो आणि पैसे आपल्याच हाताने आपल्याकडून पाठवून घेतो. बँकेचे कुलूप तो तोडत नाही. किल्ली आपणच त्याला देतो. म्हणून या चोरीपासून वाचण्याचा उपाय कुलपापेक्षा माणसाच्या सवयीत अधिक आहे. ही सवय कोणती, हे प्रेषितांच्या (स.) काळातील एका घटनेवरून फार स्पष्ट होते.

एका सहाबींची हकीकत

मदीनेत एक सहाबी होते. अनेक हदीसवेत्त्यांनी त्यांचे नाव हब्बान बिन मुन्किज (रजि.) असे सांगितले आहे, काही रिवायतींत हीच हकीकत त्यांचे वडील मुन्किज बिन अम्र (रजि.) यांच्याविषयी आली आहे. डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्यांची जीभ जड झाली होती आणि व्यवहारातील समजही मंदावली होती. तरी व्यापाराची आवड सुटली नव्हती. ते बाजारात जात आणि कोणी ना कोणी त्यांना फसवीत असे. घरची माणसे त्रासली. त्यांनी प्रेषितांकडे (स.) येऊन विनंती केली, की यांना खरेदी-विक्रीस मनाई करावी. प्रेषितांनी (स.) त्यांना बोलावून समजावले. व्यापारावाचून राहणे मला जमणार नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एक वाक्य शिकविले : सौदा करताना ‘ला खिलाबा’ म्हणत जा. म्हणजे, ‘फसवणूक चालणार नाही’. इब्ने माजा यांच्या संग्रहातील रिवायतीत पुढे असेही आहे, की त्यांना प्रत्येक खरेदीत तीन रात्रींची मुदत देण्यात आली. तेवढ्या अवधीत वस्तू पटली तर ठेवावी, नाही तर परत करावी.

या घटनेची मूळ हदीस हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. सहीह मुस्लिममध्ये एक हृद्य तपशील आहे. त्या सहाबींना तो शब्द नीट उच्चारता येत नसे. ‘खिलाबा’ऐवजी ते ‘खियाबा’ म्हणत. उच्चार चुकत असे, पण सौद्याच्या वेळी शब्द म्हणावयाचे मात्र ते चुकत नसत.

फिकहच्या ग्रंथांत सौदा रद्द करण्याची मुदत राखून ठेवण्याच्या अटीला ‘खियारे शर्त’ म्हणतात. या चर्चेत ही हदीस महत्त्वाचा आधार मानली जाते. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम शाफई (रह.) या दोघांच्याही मते ही मुदत जास्तीत जास्त तीन दिवसांची आहे. म्हणजे कोकणातील शाफई असोत वा घाटावरील हनफी, तीन दिवस थांबण्याचा हा हक्क दोघांच्याही परिचयाचा आहे.

या हकीकतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, वारंवार फसणाऱ्या त्या माणसाला प्रेषितांनी (स.) दोष दिल्याचे, त्याची थट्टा केल्याचे कोठेही आढळत नाही. दुसरी, घरच्यांची मागणी असूनही शेवटी त्याला बाजारातून हद्दपार केले गेले नाही. त्याचा मान राखला गेला. तिसरी, त्याच्या हाती दोन साधने दिली गेली : एक ठरलेले वाक्य आणि थोडा वेळ. आजच्या ठगाची सारी कला पाहिली, तर तो आपल्याकडून नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेतो. तो आपल्याला बोलू देत नाही आणि थांबू देत नाही.

ठगाची चार हत्यारे

पहिले हत्यार भीतीचे. सैतान माणसाला दारिद्र्याची भीती घालतो, असे सूरह बकरामध्ये (२:२६८) सांगितले आहे. ठगही भीतीपासूनच आरंभ करतो. ‘तुमचे वीजजोडणी आज रात्री तोडले जाईल’, ‘तुमचे खाते बंद होत आहे’, अशी सुरुवात होते. याचेच सर्वात भयंकर रूप म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अटक’. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस दिसतो. मागे पोलीस ठाण्याचा किंवा न्यायालयाचा देखावा असतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले, असा आरोप होतो. मग कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका, चौकशी होईपर्यंत सारी रक्कम ‘सरकारी खात्यात’ ठेवा, असे फर्मान सुटते. निवृत्तीची सारी पुंजी अशा रीतीने गमावलेले वृद्ध आपल्या राज्यातही आहेत.

भारताच्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट नाही. पोलीस, सीबीआय, ईडी वा न्यायालय यांपैकी कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही आणि पडताळणीसाठी पैसे मागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या कार्यक्रमात हीच गोष्ट देशाला बजावून सांगितली होती. आपल्या समाजात चौकशी आणि पोलीस या शब्दांची धास्ती जरा अधिक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाव ऐकताच ठगही ते हेरतात आणि आरोपाला दहशतवादाचा रंग देतात. निरपराध माणसाने अशा वेळी फोन बंद करावा. खरोखर काही चौकशी असेल तर लेखी नोटीस येईल, आणि तिला वकिलामार्फत उत्तर देता येईल. फोन बंद करणे हा गुन्हा नाही.

दुसरे हत्यार लोभाचे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर एखाद्या गटात आपल्याला न विचारता जोडले जाते. शेअर बाजाराच्या सूचना येतात, गटातील इतर सदस्य आपापला नफा दाखवितात. हे सदस्य बहुधा त्याच टोळीतले असतात. ॲपवर आपली रक्कम वाढताना दिसते. काढू गेल्यास आधी कर भरा, शुल्क भरा, अशी मागणी होते. कधी व्हिडिओ पसंत करण्याचे ‘घरबसल्या काम’ देतात. पहिल्या दिवशी दीडदोनशे रुपये खरेच मिळतात, आणि त्या विश्वासावर पुढे हजारो, लाखो रुपये भरून घेतले जातात. कष्ट नाहीत, जोखीम नाही आणि नफा मात्र ठरलेला, असा व्यवहार दिसला की त्याच्या हलाल असण्याविषयी मुफ्तींना विचारण्याआधी तो खरा आहे की नाही याची शंका घ्यावी.

तिसरे हत्यार धर्माच्या नावाचे, आणि ते आपल्याला सर्वात खोल जखम करते. स्वस्त उमरा, हमखास हजची जागा, ‘हलाल’ गुंतवणूक, रमजानमध्ये आजारी बालकाच्या छायाचित्रासह जकातीचा क्यूआर कोड. ‘अस्सलामु अलैकुम’ने सुरू झालेल्या संदेशावर आपण पटकन विसावतो. जून २०१९ मध्ये बंगळुरूत हलाल म्हणून गाजविलेली एक गुंतवणूक योजना कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. तेथे तर कार्यालयही होते आणि शिफारस करणाऱ्या धार्मिक व्यक्तीही होत्या. मग केवळ फोनवर भेटणाऱ्या अनोळखी माणसाचे काय सांगावे? हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसिद्ध रिवायत आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या सचोटीची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले, की तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्याबरोबर पैशाचा व्यवहार केला आहेस काय, प्रवास केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तेव्हा ते म्हणाले, की मग तू त्याला केवळ मस्जिदीत नमाज पढताना पाहिले असशील; तू त्याला ओळखत नाहीस. दाढी, टोपी, सलाम आणि आयतींनी सजविलेला संदेश यांवरून माणसाचा व्यवहार कळत नाही, हे यावरून शिकावे.

हजसाठी भारतातून दोनच मार्ग आहेत : हज कमिटी ऑफ इंडिया, आणि केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदणी झालेले खाजगी आयोजक. नाव त्या यादीत नसेल तर एक रुपयाही देऊ नये. परदेशातील नोकरीचेही तसेच आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना असलेल्या दलालांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. संगणकाच्या चांगल्या नोकरीच्या नावाखाली थायलंडला नेलेले आपल्या देशातील तरुण म्यानमारमध्ये डांबले गेले आणि तेथे त्यांच्याकडून हीच ऑनलाइन ठगी करवून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणले. जकातीच्या बाबतीत सूरह बकराने (२:२७३) अशा गरजूंकडे लक्ष वेधले आहे, जे स्वाभिमानामुळे कोणाच्या मागे लागून मागत नाहीत. असा गरजू आपल्याच मोहल्ल्यात शोधला, तर अनोळखी क्यूआर कोडची गरज सहसा पडणार नाही.

चौथे हत्यार घाईचे. माणूस उतावळा आहे, ही त्याची दुर्बलता सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:११) सांगितली आहे. लग्नाची पत्रिका म्हणून एक फाइल येते; तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे ॲप असते आणि ते आपले संदेश, त्यांतील ओटीपीसह, ठगाकडे पोहोचविते. वाहतूक दंडाच्या नावानेही अशीच फाइल येते. कोणी म्हणतो, ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, लगेच परत करा’. कोणी जुने सामान विकत घेतो आणि पैसे देण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकावयास सांगतो. येथे एकच नियम पाठ करावा : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. ज्या क्षणी कोणी पैसे ‘मिळण्यासाठी’ पिन मागतो, त्या क्षणी तो ठग आहे हे सिद्ध झाले.

आपले ‘ला खिलाबा’

सूरह हुजुरातमध्ये (४९:६) श्रद्धावंतांना आदेश आहे, की अविश्वासू माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करावी. हा आदेश फोनवर येणाऱ्या प्रत्येक बातमीलाही लागू करता येतो. शहानिशा याचा अर्थ त्याच माणसाला आणखी प्रश्न विचारणे असा नाही. त्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते. शहानिशा दुसऱ्या वाटेने करावयाची असते : फोन ठेवावा आणि बँकेच्या पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. गुगलवर शोधलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांकही ठगाचा असू शकतो.

यासाठी घरातील प्रत्येकाला एक वाक्य पाठ करून द्यावे, जसे त्या सहाबींना देण्यात आले होते. ‘मी घरी विचारून सांगतो’, एवढे साधे वाक्य पुरे आहे. वृद्ध वडिलांना, एकट्या राहणाऱ्या खालाजानला, नुकताच फोन मिळालेल्या मुलीला ते म्हणण्याचा सराव व्हावा. समोरचा कितीही रागावला, कितीही मोठा अधिकारी असला, तरी वाक्य तेच आणि त्यानंतर फोन बंद. खरा अधिकारी या वाक्याने चिडणार नाही. ठग मात्र ‘कोणाला सांगू नका’ असेच म्हणेल, आणि तेथेच तो ओळखू येईल.

वाक्याबरोबर वेळही राखून ठेवावा. गुंतवणूक, नोकरीचे शुल्क, उमऱ्याची आगाऊ रक्कम अशा कोणत्याही नव्या व्यवहारात तीन दिवसांनंतरच पैसे द्यावयाचे, असा घराचा नियम करावा. ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ म्हणणाऱ्याला ती सवलत लखलाभ असो. संयम आणि सावकाशपणा हे अल्लाहला प्रिय असलेले दोन गुण आहेत, असे प्रेषितांनी (स.) अब्दुल कैस कबिल्याच्या प्रमुखाला सांगितले होते, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

काही घरांत मुलगे वडिलांना म्हणतात, ‘अब्बा, तुम्हाला कळत नाही, फोन आमच्याकडे द्या.’ त्या सहाबींच्या घरच्यांनीही हेच मागितले होते. प्रेषितांनी (स.) त्या माणसाला असहाय केले नाही, सावध केले. आपणही वडिलांचा फोन काढून घेण्याऐवजी त्यांच्याजवळ बसावे, खात्यातून एका दिवशी जाऊ शकणाऱ्या रकमेची मर्यादा कमी करून द्यावी आणि मोठी ठेव यूपीआय जोडलेल्या खात्यापासून वेगळी ठेवावी. मुख्य म्हणजे, त्यांनी विचारलेला प्रश्न दहाव्यांदा असला तरी न वैतागता उत्तर द्यावे. ज्या घरात विचारल्यावर टोमणा ऐकावा लागतो, त्या घरातला वृद्ध पुढच्या वेळी विचारत नाही. ठगाला नेमका असाच एकटा माणूस हवा असतो.

फसवणूक झालीच तर

येथे सर्वात मोठा शत्रू लाज आहे. ‘लोक काय म्हणतील, मुलगा रागावेल’, या विचारात माणूस रात्र काढतो, आणि त्या रात्रीत पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन शेवटी रोख काढले जातात. म्हणून फसल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि रक्कम पुढच्या खात्यात शिल्लक असेल तर तेथेच गोठविली जाऊ शकते. येथे एकेका तासाला मोल आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि संदेशांची छायाचित्रे जवळ ठेवावीत. काहीही पुसून टाकू नये. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवून कार्ड व यूपीआय बंद करवून घ्यावे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार करता येते आणि पोलीस ठाण्यातही देता येते.

बँकेला लगेच कळविण्याचे आणखी एक कारण आहे. ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भुर्दंड पडू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी वा पिन दिला असेल, तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे चूक आपली असली, तरी कळविण्यात हित आहेच.

जे झाले ते अल्लाहची इच्छा म्हणून गप्प बसावे, असे काही जण सुचवितात. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, हे आपण सारे जाणतो. तक्रार करणे हे उंट बांधण्याचेच काम आहे. त्यानंतर जे हाती येणार नाही त्यावर सब्र करावे. श्रद्धावंत एकाच बिळातून दोनदा दंश करून घेत नाही, या हदीसचा उपयोग फसलेल्याला टोमणा मारण्यासाठी होऊ नये. पहिला दंश कोणालाही होऊ शकतो. त्यावरून सर्वांनी बीळ ओळखावे. यासाठीच फसलेल्याने आपली हकीकत सांगणे हे इतरांवर उपकार आहेत.

आपले खाते, आपली जबाबदारी

आता थोडे तरुणांशी. ठग स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाहीत. त्यांना दुसऱ्यांची खाती लागतात, आणि ती देणारे बहुधा आपल्यासारखेच गरजू तरुण असतात. ‘खाते आणि सिम दे, महिन्याला पाचदहा हजार घे, बाकी विचारू नकोस.’ पण त्या खात्यातून कोणा विधवेची ठेव किंवा कोणा बापाने मुलीच्या लग्नासाठी जमविलेली रक्कम जात असते. पोलिसांचा माग सर्वात आधी त्या खात्याच्या मालकापर्यंतच येतो, आणि भारतीय न्याय संहिता व माहिती तंत्रज्ञान कायदा या दोन्हींखाली त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

अल्लाहच्या दरबारातील हिशेब याहून कठीण आहे. पाप आणि अत्याचारात एकमेकांस साहाय्य करू नये, असा सूरह माइदाचा (५:२) आदेश आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये खरा दिवाळखोर कोण हे सांगितले आहे. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाचे धन खाल्लेले असेल, कोणाला दुखविलेले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांत वाटली जातील, आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्या माथी येतील. ज्याने आपले खाते असे दिले असेल त्याने केवळ तौबा म्हणून थांबू नये. खाते ताबडतोब बंद करावे, बँकेला व पोलिसांना सांगावे आणि जे घेतले ते परत करण्याची वाट शोधावी. बंद्यांचे हक्क फेडल्यावाचून ती तौबा पुरी होत नाही.

मस्जिदीचे काम

हे काम एकेकट्याने होणारे नाही. प्रत्येक मस्जिदीत जुम्याच्या बयानात महिन्यातून एकदा पाच मिनिटे या विषयाला देता येतील. त्या महिन्यात कोणत्या नव्या युक्तीने लोक फसले, ते नावे न घेता सांगावे. सूचनाफलकावर १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. असर आणि मगरिबच्या दरम्यान एखादा जाणता तरुण मस्जिदीत बसला, तर वृद्धांना आलेला संशयास्पद संदेश त्याला दाखविता येईल. स्त्रियांच्या इज्तिमांतही हा धडा पोहोचावा. आणि आम्हा इमामांनी कोणत्याही योजनेची, ॲपची वा देणगीची शिफारस मिंबरवरून करण्यापूर्वी हजरत उमर (रजि.) यांचे ते तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

हे अल्लाह, आमच्या हलाल कमाईत बरकत दे. आम्हाला फसविणाऱ्यांपासून वाचव, आणि आम्हाला कोणाला फसविणारे होऊ देऊ नकोस. जे लुबाडले गेले त्यांना सब्र आणि त्यांचा हक्क दे, आणि त्यांच्या घरच्यांना त्यांच्याशी मृदुपणे बोलण्याची बुद्धी दे. आमीन.